अंबादास निमजे यांचा अर्ज

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
टाइपरायटर बावीस वर्षांचा, 'ळ' थोडा वर उडणारा.
कडुनिंबाची सावली अकरानंतर रस्त्याकडे सरकते,
मीही सरकते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अंबादास निमजे आले,
गोळीबार चौकात कुलर दुरुस्त करतात,
शर्टाला ओल्या खसचा वास, नखांत गंज.
"मॅडम, एक अर्ज पाह्यजे.
राष्ट्रपतीच्या निवडणुकीले उभा राहून राहिलो."

मी कागद चढवला. हसले नाही.
या टेबलावर मी जिवंत माणसं जिवंत असल्याची
प्रतिज्ञापत्रं टाइप केली आहेत.

भारताचा नागरिक: होय.
वय पस्तीस पूर्ण: पन्नास.
लोकसभेला उभं राहण्यास पात्र:
यादीत नाव आहे, भाग एकशे बारा,
फोटो धाकट्या भावाचा, पण नाव आहे.
लाभाचं पद?
इथे ते बराच वेळ थांबले.
"महापालिकेच्या शाळेतले चार कुलर माह्याकडं हायेत.
मागच्या सालचं बिल अजून निंघालं नाई.
तं हे लाभात येते का?"
मी टाइप केलं: निरंक.

अनामत पंधरा हजार.
"हायेत. यंदा ऊन चांगलं होतं."

पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक.
"शंभर? संध्याकाळपर्यंत गल्लीतून आणतो."
तेव्हा मला सांगावं लागलं
की सही त्यांचीच चालते ज्यांना मत आहे,
आणि मत आहे फक्त निवडून आलेल्या
आमदारांना, खासदारांना. नेमलेल्यांनाही नाही.
तुम्ही उभे राहू शकता, अंबादासभाऊ,
स्वतःला मत देऊ शकत नाही.

ते विधानभवनाच्या दिशेला पाहत राहिले,
जिथे या दिवसांत फाटकाला कुलूप
आणि हिरवळीवर एकटा पाइप पाणी सांडत असतो.
"ते येतात डिसेंबरात," ते म्हणाले,
"तवा माह्ये कुलर माळ्यावर.
आमची गाठच पडत नाई."

मग सहज विचारल्यासारखं:
"एका आमदाराचं मत म्हंजे किती?"
एकशे पंचाहत्तर.
"कायचे एकशे पंचाहत्तर?"
एकाहत्तरच्या शिरगणतीत राज्यात जेवढी माणसं निघाली
त्यांना आमदारांच्या संख्येनं भागायचं,
मग हजारानं.
"आताची माणसं नाई?"
नाही. अजून एकाहत्तरचीच.

त्यांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला.
"मी बहात्तरचा."

टाइपरायटरची घंटी वाजायची राहिली होती,
मी कॅरेज सरकवलं नाही.

"माही एक बहीण होती, मंजुळा.
आई सांगे, मोजणीवाला आला तवा
ते वसरीत बसून चुरमुरे खात होती.
त्यानं विचारलं, वय? तिनं तीन बोटं दाखवली.
त्याच पावसाळ्यात हगवणीनं गेली.
मी तिले पाह्यलं नाई."

थोड्या वेळानं:
"म्हंजे ते हाये त्या एकशे पंचाहत्तरात."
आहे.
"हजारातली एक."
हो.
"अन् मी नाई."

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून म्हटलं,
यादीची प्रमाणित प्रत हवीच असेल
तर आत खिडकी क्रमांक चार, दीडपर्यंत.

अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता.
त्यांनी सांगितलं, लिवा तरी,
म्हणून सहीच्या खाली, समासाला चिकटून,
मंजुळा नामदेव निमजे, वय तीन.
'ळ' वर उडाला.

ते कागद चार घड्या करून घेऊन गेले,
दिल्लीला की गोळीबार चौकात, मी विचारलं नाही.
टायपिंगचे वीस रुपये मात्र घेतले.
नाही घेतले असते
तर त्यांनी मतच मागितलं असतं माझ्याकडे,
आणि ते माझ्याकडेही नव्हतं.